मारबतीसोबत गेलेल्या गोळ्या

आमच्या धंद्यात डोळ्यांना फारसं काम नसतं. हे सांगितलं की पर्यटकांची तोंडं उतरतात, कारण ते बिचारे मोठाल्या दुर्बिणी गळ्यात अडकवून आलेले असतात. पण नागझिऱ्यात गाइड म्हणून मी आजवर पोट भरलं ते कानांच्या जोरावर. वाघ दिसायच्या आधी ऐकू येतो. तो स्वतः गप्पच असतो, त्याच्या चहाड्या दुसरे करतात. झाडावरचं वानर खॅक-खॅक करतं, चितळ शीळ घातल्यासारखं ओरडतं, सांबर एकदाच ठणकावून भुंकतं. याला आम्ही कॉल म्हणतो. कॉल आला की जिप्सी थांबवायची, इंजिन बंद करायला लावायचं, वेफर्सची पुडी फोडणाऱ्याकडे डोळे वटारायचे आणि ऐकायचं.

अशा माणसाच्या कानातच बिघाड झाला. म्हणजे कान ठणठणीत होते, त्यांच्या मागे जे असतं ते बिघडलं.

सुरुवातीला तर माझं नावच झालं. मला इतरांपेक्षा जास्त कॉल ऐकू येऊ लागले. मी जिप्सी थांबवायला सांगायचो, सगळे श्वास रोखून बसायचे, आणि काहीच निघालं नाही तर लोक म्हणायचे, वाघ आतल्या आत निघून गेला असेल. जंगलात हे एक बरं असतं. खोटं पडायला वेळ लागतो. माझा ड्रायव्हर, शाळेपासूनचा मित्र, तेवढा माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघायचा. त्याला ते कॉल ऐकू येत नव्हते. पण माझ्या कानावर त्याचा विश्वास होता, म्हणून त्याला वाटलं, आपलेच कान इंजिनाच्या आवाजानं गेले.

मग कॉलची जागा माणसांनी घेतली. दोन पुरुषांचे आवाज. जिप्सीच्या मागून यायचे, बोडीवर आंघोळीला गेलो तर पाण्याच्या पलीकडून यायचे. मी जे करतो ते एकमेकांना सांगायचे. आता हा टोपी घालून राहिला. आता हा वळून पाहील. आणि मी वळून पाहिलं की हसायचे. पुढे पुढे ते सांगू लागले की ड्रायव्हर माझ्यावर पाळत ठेवतो. मला ते पटलं. ज्या माणसासोबत मी एका ताटात जेवलो, त्याच्या हातचा चहा मी गुपचूप झुडपात ओतू लागलो. आज ते आठवलं की माझं मलाच वाईट वाटतं, पण तेव्हा मला फक्त भीती वाटत होती. सकाळी उठल्यापासून भीती.

एक दिवस मी रायपूरच्या पाहुण्यांना म्हणालो, "जरा चुप बसा, झाडावरचे दोघे आपल्याबद्दल बोलून राहिले." पाहुण्यांनी झाडावर पाहिलं. झाडावर एक सर्पगरुड होता आणि तो काही बोलत नव्हता.

ड्रायव्हरनं फेरी पूर्ण केली, पाहुण्यांना गेटवर उतरवलं, आणि मला म्हणाला, "चाल गा, गोंदियाले जाऊ."

"काऊन?"

"कान दाखवू तुहे."

कानाचं निमित्त करून त्यानं मला सरकारी दवाखान्यात मनोविकाराच्या डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. मी त्याच्यावर भयंकर चिडलो. गोंदियाच्या त्या गर्दीत मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो शेजारच्या बाकड्यावर बसून समोसा खात राहिला. त्यानं मला अर्धा दिला. मी तो घेतला नाही, कारण अर्थातच त्यात विष होतं.

डॉक्टर बाई वयानं माझ्याएवढ्याच. गोंदियाच्याच असाव्यात, कारण मराठी बोलता बोलता वाक्य हिंदीत कधी जायचं ते त्यांनाही कळत नसे. त्यांनी माझ्याशी आवाज खरे की खोटे यावर वाद घातला नाही. झोप लागते का, जेवता का, आवाज काय म्हणतात, एवढंच विचारलं. मग मला समजावून सांगितलं. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. कुठल्या गोष्टीकडे लक्ष द्यायचं आणि कुठली सोडून द्यायची, हे ठरवण्यात त्याचा मोठा हात असतो. त्याचं काम प्रमाणाबाहेर वाढलं की साध्या गोष्टीलाही अर्थ चिकटतो, आणि आपल्याच डोक्यातलं बोलणं बाहेरून आल्यासारखं ऐकू येतं. गोळी काय करते, तर ते रसायन जिथे जाऊन बसतं ती जागा आधीच अडवून ठेवते. निरोप निघतो, पण पोचत नाही.

मी विचार केला आणि म्हणालो, "म्हणजे माझ्या डोक्यातलं वानर पान पडलं तरी कॉल देऊन राहिलं?"

डॉक्टर हसल्या. "बस, यही समझो. आपण त्या वानराला जरा शांत करू."

खूप महिन्यांनी कुणीतरी माझं बोलणं ऐकून घाबरलं नव्हतं. मी गोळ्या घेतल्या.

काही आठवड्यांत आवाज पातळ झाले. आधी ते दूर गेले, मग शब्द कळेनासे झाले, मग शेजारच्या घरात रेडिओ लागलाय एवढंच उरलं, आणि एका सकाळी अंगणात तोंड धुताना माझ्या लक्षात आलं की मी एकटा आहे. खरोखरचा एकटा. घराच्या मागे कोंबडा आरवत होता आणि तो फक्त कोंबडाच होता. मी तांब्या हातात धरून तसाच उभा राहिलो. माय म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "काईच नाई झालं, माय." एवढं सुखाचं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नसेन.

पण दवाच ती. तिला काय ठाऊक, मेंदूत नेमकं कुठलं वानर बिघडलंय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की तेच रसायन हातापायांची हालचालही सांभाळतं, तेव्हा गोळीनं तिथली जागा अडवली की अंग आखडू शकतं, थरथरू शकतं, तसं झालं तर ताबडतोब येऊन सांगा. तसंच झालं. माझे हात कापू लागले. मान वळवायची तर खांद्यासकट वळावं लागे, बैलगाडी वळवल्यासारखं. तोंडातून लाळ गळायची. आणि सर्वात वाईट म्हणजे पाय. बसलो की पायांना उभं राहावंसं वाटे, उभा राहिलो की चालावंसं वाटे, चाललो की बसावंसं. जिप्सीत पुढच्या सीटवर माझी अशी चुळबुळ बघून नागपूरचे एक काका मागून बायकोला म्हणाले, "गाइड पीए हुए है क्या?" मोहाच्या मुलखात राहून मी कधी थेंब तोंडाला लावला नव्हता. आणि ही कीर्ती!

ताबडतोब जाऊन सांगायचं होतं. पण पावसाळा लागला, अभयारण्य बंद झालं, शेतात धानाचे रोवणे सुरू झाले. माय रोवायला, मी रोपांचे पऱ्हे पोचवायला. त्या गडबडीत लाळ गळते हे सांगायला गोंदियाला कोण जाणार? माझ्यापेक्षा मायला त्रास जास्त होता. तिनं आवाज कधी ऐकले नव्हते. तिनं पाहिलं ते एवढंच, की पोरगा आधी भिऊन राहायचा पण धडधाकट होता, आणि गोळ्या आल्यापासून त्याला पेजेची वाटी धड धरता येत नाही. वाटीतली पेज सदऱ्यावर सांडली की ती पदरानं पुसायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "लहानपणी तरी बरा खात होतास."

तिच्या हिशेबी रोग गेला होता आणि पीडा म्हणजे आता ती गोळी होती.

आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी दारात पळसाच्या फांद्या रोवतात. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे घरोघरचे मेढे उपटायचे, घरातली मोडकी झाडणी, फुटकं सूप, जे काय नकोसं असेल ते सोबत घ्यायचं आणि ओरडत गावाच्या शिवेवर नेऊन फेकायचं. खोकला घेऊन जाय गे मारबत! खरूज घेऊन जाय गे मारबत! कुणाच्या घरी ढेकूण झाले असतील तर ढेकूण. मारबत म्हणजे गावाची पीडा सोबत घेऊन जाणारी; काही घरी तिला नारबोद म्हणतात, पण न्यायचं ते सगळं तीच नेते. त्या पहाटे गावात कुणी कुणाचं दुखणं लपवत नाही. वर्षभर झाकलेलं सगळं रस्त्यावर मोठ्यानं ओरडलं जातं, आणि लोक हसतात.

त्या वर्षी मायनं फडताळातल्या माझ्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या काढल्या, पळसाच्या पानांत बांधल्या आणि मेढ्यांसोबत घेतल्या. मी बघत होतो. मी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. शिवेवर पोचल्यावर तिनं ती पुडी सगळ्या ताकदीनं नाल्यापलीकडे भिरकावली आणि ओरडली, "पोराची थरथर घेऊन जाय गे मारबत!"

आणि मारबतीनं ऐकलं की हो! थोड्याच दिवसांत हात थांबले. मान सुटली. लाळ थांबली. मी अख्खी वाटीभर पेज एक थेंब न सांडता प्यायलो, तेव्हा मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. गावभर ती सांगत सुटली. आम्ही दोघं इतके आनंदात होतो की आवाज परत आले तेव्हा मी ते तिला सांगितलंच नाही. तिच्या तोंडावरचं ते हसू मला घालवायचं नव्हतं.

ऑक्टोबरात अभयारण्य उघडलं. मी बिल्ला लावून जिप्सीत बसलो. ते दोघेही बसले, माझ्या मागे, न दिसता. दिवाळीच्या आसपासच्या एका सकाळी, तळ्याकडच्या वाटेवर, त्यांनी मला खाली उतर म्हटलं. अगदी सरळ आवाजात. बांबूच्या बेटात ये, तिथे सगळं सांगतो म्हणाले. जंगलात गाडीतून उतरायचं नाही हा आमचा पहिला नियम. पर्यटकांना तो मीच रोज सांगतो. मी दार उघडलं आणि उतरलो. मागे एक बाई आपल्या मुलीला घट्ट धरून किंचाळली. मी बांबूकडे चालू लागलो.

ड्रायव्हर गाडी सोडून माझ्यामागे धावला. त्यानं मला पाठीमागून कवेत घेतलं आणि तसंच उचलून गाडीकडे आणलं. मी त्याला कोपर मारलं, त्याच्या नाकातून रक्त आलं. तो एकच वाक्य म्हणत होता, "मी आहो गा, मी आहो." बांबूत काय होतं ते मला आजही माहीत नाही. त्या आठवड्यात त्याच बेटाजवळ एक वाघीण पिलांसह फिरत होती, एवढं माहीत आहे.

गाइड मंडळींनी बिल्ला काढून घेतला. त्यांचं चुकलं नाही. डॉक्टर हो म्हणतील आणि ड्रायव्हर हो म्हणेल, तेव्हा ये म्हणाले. घरी बसलो. मला दुसरं काही येत नाही. रोवणा-कापणी येते, पण ती सगळ्यांनाच येते. जंगलाचं ऐकणं हे एकच माझं असं होतं, आणि आता माझ्या कानावर कुणाचा विश्वास नव्हता. माझाही नव्हता.

या खेपेला गोंदियाला तिघं गेलो. डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या मायनं सांगून टाकलं, "मीच फेकली, बाई. मारबतीसंग. पोराले नोका बोलू."

डॉक्टरांना आधी कळेना. कळलं तेव्हा मला वाटलं, आता झाडणार. पण त्या मायच्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "आई, तुम्ही पीडा बरोबर ओळखली. थरथर ही पीडाच. पण ती गोळीसकट फेकायची नव्हती, माझ्याकडे आणून टाकायची होती. मैं बैठी किसलिए हूँ?"

"थरथर तर गोळी सुटल्यावर गेली ना?"

"गेली. अन् दुसरं काय परत आलं?"

मायनं ड्रायव्हरच्या नाकाकडे पाहिलं. ते अजून सुजलेलं होतं.

डॉक्टरांनी गोळी बदलली. ही नवी गोळी हातापायांच्या वाटेला तेवढी जात नाही म्हणाल्या, पण हिचे नखरे वेगळे. भूक लागेल, वजन वाढेल, दिवसा झोप येईल, तोंड कोरडं पडेल. रक्तातली साखर मधून मधून तपासावी लागेल. उन्हात पाणी पीत राहायचं. थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवू, आणि काहीही झालं तरी स्वतःहून बंद नाही. किती दिवस घ्यायची, या मायच्या प्रश्नावर त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "बरीच वर्षं," म्हणाल्या. "पुढचं पुढे बघू."

भूक! त्या भुकेबद्दल मला वेगळं पुस्तक लिहिता येईल. हंडीतला भात संपला की मी हंडीकडेच बघत बसायचो. डॉक्टरांनी पहाटे चालायला सांगितलं, गोळी झोपायच्या वेळी घ्यायला सांगितलं, तेव्हा दिवसाची पेंग कमी झाली. पण पोट सुटायचं ते सुटलंच. ड्रायव्हर मला रानगवा म्हणू लागला. मी त्याला म्हणालो, रानगवा तर रानगवा, निदान लाळ गाळत नाही. आवाज पुन्हा पातळ झाले, या वेळी जास्त हळू, आणि जातानाही मागे वळून वळून गेले. पण गेले.

उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टर हो म्हणाल्या. ड्रायव्हर तर आधीपासूनच हो म्हणत होता. बिल्ला मिळाला, पण माझी पाचावर धारण बसलेली. जंगल आवाजांनी भरलेलं असतं. त्यातला खरा कुठला, ते मी कसं सांगणार? आणि दुसरी भीती याहून मोठी होती. डोक्यातल्या वानरासोबत गोळीनं झाडावरचंही गप्प केलं असेल तर?

ड्रायव्हरनं तोड काढली. "मले ऐकू आला तं मी स्टेअरिंगवर बोट वाजवीन. तुले ऐकू आला तं तू दारावर वाजव. दोघायचं वाजलं तं गाडी थांबवू. कोनाले बोलायचं कामच नाई."

पहिल्या काही फेऱ्यांत कुणाचंच बोट वाजलं नाही. मग एका सकाळी पाणवठ्याच्या वळणावर, सागाची वाळली पानं चाकाखाली कुरकुरत असताना, मला डावीकडून खॅक ऐकू आलं. एकदाच. मी गारठलो. दारावर ठेवलेला हात उचलवेना. माझं बोट हलायच्या आत स्टेअरिंगवर टकटक झाली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो सरळ समोर बघत होता. मग मी दार वाजवलं. त्यानं इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत वानर पुन्हा ओरडलं, पुन्हा, पुन्हा, आणि लांब कुठेतरी सांबरानं ठणकावून साथ दिली.

वाघ काही आला नाही. पाहुणे हिरमुसले. एक जण तर पैसे फुकट गेले म्हणाला. मी रुमालानं तोंड पुसायचं निमित्त करून डोळे पुसत होतो. इतकं सुटल्यासारखं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. जंगल माझ्याशी बोलत होतं, आणि फक्त जंगलच बोलत होतं.

पुढे पोळा आला. दुसऱ्या दिवशी पहाटे मायनं मेढे उपटले, मोडकी झाडणी घेतली आणि दारात थांबली. तिची नजर फडताळाकडे गेली. तिथे नव्या गोळ्यांचा डबा होता. फडताळाचं दार तिनं नीट लोटून घेतलं आणि निघाली.

गाव ओरडत शिवेकडे चाललं होतं. कुणाची मूळव्याध, कुणाच्या सासूचा दमा, कुणाच्या पोराचा मोबाइल. मीही सुटलेलं पोट सावरत, लाज सोडून ओरडलो, "भूक घेऊन जाय गे मारबत! पेंग घेऊन जाय गे मारबत!" ड्रायव्हर मागून ओरडला, "रानगव्याची चरबी घेऊन जाय गे मारबत!" बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

शिवेवर मायनं झाडणी नाल्यापलीकडे भिरकावली. मग रिकामे हात झटकून, सगळ्यांच्या वरताण आवाजात ती ओरडली, "अन् गोळी ठेवून जाय गे मारबत!"

मी सवयीनं ड्रायव्हरकडे पाहिलं, त्यालाही ऐकू आलं का म्हणून. पण विचारायची गरज नव्हती. सगळं गाव हसत होतं.